वाया गेलेले दोनशे बारा पास

फुटबॉलचा हंगाम संपल्यावर चौथ्या दिवशी मास्तरांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, बैठक बोलावली आणि टेबलावर एक कागद ठेवला. कागदावर दोन रकाने. डावीकडे 'ठेवायचे', उजवीकडे 'सोडायचे'. उजवीकडे सगळ्यात वर आठ नंबर. आठ नंबर म्हणजे आमचे जावईबापू. पुढे कारणही लिहिलेलं : वाया गेलेले पास, दोनशे बारा. हा आकडा काही आभाळातून पडला नव्हता. तो मीच दिला होता.

आता आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई फुटबॉलच्या क्लबात करते काय. मी सामने टिपते. स्टेडियममध्ये अगदी वर एक खोपटाएवढी केबिन आहे, तिथे बसून प्रत्येक पास वहीत लिहायचा. कुणी दिला, कुठून दिला, कुणाला दिला. पोचला तर बरोबरची खूण. वाया गेला तर फुली. आणि चूक देणाऱ्याची की घेणाऱ्याची हे कळेना, तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं मोजणीत धरत नाहीत, ती कुणाच्याच माथी बसत नाहीत. क्लबात मला सगळे फुलीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

त्याआधी बावीस वर्षं मी कापड गिरणीत तपासनीस होते. तागा डोळ्यांसमोरून सरकायचा आणि मी दोष हेरायचे. गिरणीत नियम सरळ होता : दोष दिसला की शेवटचा हात कुणाचा ते बघायचं आणि चूक त्याच्या नावावर टाकायची. फार चौकशा नाहीत. गिरणी बंद पडली, मी घरी बसले, आणि जावयांनीच मास्तरांकडे शब्द टाकला, "माझ्या सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही." मी रुजू झाले त्या दिवशी बाजारसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "चला, आता जावयाचे सगळे पास पोचणार!" आणि ह्या:ह्या: करून हसले. बाजारसाहेब म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारे गृहस्थ, नाव काहीही असो, क्लबात बाजारसाहेबच. त्यांचं ते हसणं माझ्या इतकं जिव्हारी लागलं की मी मनाशी गाठच मारली. क्लबाच्या दारातून आत पाऊल टाकलं की जावईबापू नाहीत, फक्त आठ नंबर. तीन वर्षं पाळलं मी ते.

तर त्या बैठकीत बाजारसाहेब बोलत होते. "चौतीस सामन्यांत सत्तावीस गोल. लाज वाटते सांगायला. एका गुणाने वाचलो, नाहीतर खालच्या गटात गेलो असतो. आपल्याला गोल मारणारा माणूस हवा. मी एक बघून ठेवलाय. ताडमाड उंच. एकच माणूस घेता येणार आहे या सुट्टीत, तो हाच. आणि आठ नंबरला निरोप द्या. एकतिशीचा झाला, चेंडू रिकाम्या जागी भिरकावत बसतो. हे मी नाही म्हणत, बाईंची वही म्हणते."

मास्तर चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघायला लागले. "बाई, आकडा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," म्हटलं.

"मग शुक्रवारी यादीवर सही करतो," मास्तर म्हणाले.

घरी आले ती थेट लेकीकडे गेले. लेक आणि जावई आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. बातमी माझ्या आधी पोचली होती. लेकीने दार उघडलं ते डोळे लाल करूनच. जावई स्वयंपाकघरात गळका नळ उघडून बसले होते. हातात पाना, तोंडात वायसर.

"आई, झालं तुझं समाधान?" लेक म्हणाली.

"माझं कसलं समाधान? मी दिसलं ते लिहिलं."

"तो कागद फक्त मास्तरांकडे राहत नाही, आई. सगळ्या क्लबांकडे जातो. दोनशे बारा वाया पास! कोण उभं करणार आहे त्याला दारात? संपलं त्याचं खेळणं. आणि संपवलं कुणी, तर त्याच्याच सासूने!"

"अगं, आईंवर कशाला ओरडतेस?" जावई तोंडातला वायसर काढून म्हणाले. "आई, तुम्ही खरं लिहिलंत ना? मग झालं. खोटं लिहून मी राहिलो असतो तर मला घास गेला नसता." आणि पुन्हा नळाकडे वळले. माणूस असा गरीब असेल तर त्याच्यावर रागवायचीही सोय नाही.

पण लेक माझी आहे. ती कसली गप्प बसते! कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "एक सांग. तीन वर्षांत तू त्याला किती प्रश्नचिन्हं दिलीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे इतरांना देतेस तशी. शंकेची. किती?"

मला आठवेना. अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणता! बावीस वर्षं तागे बघितलेल्या बाईला ही कालची पोर हिशेब विचारते! "उद्या येते वह्या घेऊन," म्हटलं, "आणि दाखवते तुला." आणि जिना धाडधाड उतरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात गेले. सुट्टीतला क्लब म्हणजे लग्न आटोपलेला मांडव. मैदानावर नवं गवत पेरलेलं, पाण्याचे फवारे आपले गोल गोल फिरतायत, कपड्यांची मोठी यंत्रं मुकी. चित्रफितींची खोली बुटांच्या कोठारालगत आहे, तिथे बारा महिने कातडं आणि पॉलिशचा वास. खुर्ची ओढली आणि लेकीला तोंडघशी पाडायच्या तयारीने वह्या उघडल्या.

गेल्या हंगामात मी एकूण तीनशे सहा प्रश्नचिन्हं दिली होती. सात नंबरला एकोणपन्नास. अकराला अडतीस. गोलरक्षकालासुद्धा नऊ. आणि आठ नंबरला? पानं उलटत गेले. पुन्हा पहिल्यापासून उलटली. एकही नाही. शून्य. त्याच्या आधीच्या वर्षी शून्य. त्याच्याही आधी शून्य.

तोंडघशी मीच पडले होते.

आता तुम्हाला खरं सांगते. मला ते करताना कधी कळलंच नाही. शंका आली की दुसऱ्याच्या बाबतीत हात थांबायचा, आणि जावयाच्या बाबतीत कानात ते ह्या:ह्या: वाजायचं आणि हात झटकन फुली मारून मोकळा व्हायचा. शेवटचा पाय त्याचा ना? मग चूक त्याची. कुणी म्हणायला नको, फुलीबाई जावयाला सांभाळून घेते. लोकांच्या तोंडाला भिऊन मी माझ्याच माणसाच्या नावावर दोष चढवत बसले, आणि वर मान ताठ करून फिरले. खूप रडू आलं. पदराने डोळे पुसले आणि पहिला सामना लावला. शुक्रवारला चार दिवस होते.

मी एक मोठा कागद घेतला, त्यावर मैदान आखलं आणि त्या दोनशे बारा पासांतला प्रत्येक पास जिथे पडला तिथे एक ठिपका द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक डबा घेऊन आली. डबा निमित्त, खरं म्हणजे मी लबाडी करत नाही ना हे बघायला आली होती. माझे डोळे बघून शेजारी बसली. पाच मिनिटांनी म्हणाली, "मुक्या सिनेमासारखं काय बघतेस गं? आवाज कुठाय?"

मी आवाज बंद ठेवूनच बघते. गिरणीत कानात कापूस घालून काम केलं, आवाजाने नजर भरकटते. पण तिने तोवर आवाज लावलाही. पडद्यावर आठ नंबरने उजवीकडे लांब चेंडू टाकला, चेंडू कुणाच्याही पायाला न लागता बाहेर गेला, आणि मैदानाच्या कडेवरून एक आवाज खणखणीत ऐकू आला, "अरे, पळा ना कुणीतरी तिकडे!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आवाज मास्तरांचा.

"मागे घे," लेक म्हणाली. मागे घेतलं. "अरे, पळा ना कुणीतरी तिकडे!" पुढचा पास लावला. "कुणी आहे का तिथे? झोपलात का?" पुढचा. "अरे देवा, पुन्हा कुणीच नाही!" सामन्यामागून सामने मास्तर घसा फोडून ओरडत होते. पास देणाऱ्याला नाही, न धावणाऱ्यांना. आणि घरी जाऊन माझ्या वहीतला आकडा बघून पास देणाऱ्यालाच दोष देत होते. लेक हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. मी मात्र गंभीर झाले, कारण कागदावरचे ठिपके एकाच जागी दाटत चालले होते. उजव्या कडेला, समोरच्या संघाच्या बचावाच्या पाठीमागे एक पट्टा. दोनशे बारांपैकी एकशे एकतीस ठिपके त्या एवढ्याशा पट्ट्यात. भरकटलेला माणूस एकाच जागी एकशे एकतीस वेळा भरकटेल का?

संध्याकाळी जावयांना विचारलं, "तुम्ही तिथेच का टाकता हो?"

ते संकोचले. "आई, जागा तिथेच मोकळी असते. आपला सात नंबर डावखुरा, तो चेंडू नसतानाही आत वळतो, त्याच्याबरोबर त्यांचा माणूस ओढला जातो आणि मागे अंगण पडतं मोकळं. मला वाटतं, या वेळी तरी कुणी येईल."

"आणि कुणी आलं नाही तर?"

"मग तुमची फुली," ते म्हणाले आणि हसले.

आता तिथे धावणारा माणूस हवा. कुठून आणायचा? बुधवारचा सगळा दिवस मी वह्या चाळल्या आणि संध्याकाळी मला तो सापडला. आमच्याच संघात! 'सोडायचे' रकान्यातच, आठ नंबरच्या खाली चौथा. बावीस नंबर, उजव्या बगलेचा राखीव बचावपटू. त्याला संघात पळपुट्या म्हणतात. का, तर राखण करायची सोडून हा गडी उठसूट पुढे पळतो. माझ्याच वहीत त्याच्या नावावर शेरा होता : जागा सोडली, अठ्ठ्याऐंशी वेळा. मी त्याच्या पळण्याच्या रेघा त्याच कागदावर लाल पेन्सिलीने ओढल्या. सगळ्या रेघा जाऊन थांबल्या कुठे, तर माझ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात!

एकजण चेंडू टाकतोय, तिथे माणूस नाही. दुसरा तिथेच धावतोय, त्याला चेंडू नाही. आणि दोघांना एकाच कागदाने घरी पाठवायचं ठरलेलं. राखीव खेळाडूंच्या सामन्यात आठ नंबरला विश्रांती असायची, म्हणून दोघं एकत्र फारसे उतरलेच नव्हते. किती वेळ उतरले ते मोजलं. अख्ख्या हंगामात एक्केचाळीस मिनिटं. आणि त्या एक्केचाळीस मिनिटांत आमच्या संघाने दोन गोल केले होते. मी उठून एकटीच टाळ्या पिटल्या. बुटांच्या कोठारातला माणूस डोकावून गेला.

शुक्रवारी मी कागदाची गुंडाळी काखेत मारून बैठकीला गेले. बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर धीर गेला असता. "मास्तर, दोनशे बारा आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. तीन वर्षांची शून्यं सांगितली. बाजारसाहेब मागे रेलले आणि तेच हसू चेहऱ्यावर आलं. "वा वा! म्हणजे शेवटी जावयासाठी आकडे बदललेच म्हणा की बाईंनी!"

"जावई म्हणूनच बदलले होते साहेब," मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी, तुम्ही हसलात त्या दिवसापासून. आज सरळ केलेत. आणि माझ्यावर विश्वास ठेवूच नका तुम्ही. साक्षीदार दुसरा आणलाय."

आणि आवाज मोठा करून चित्रफीत लावली. "अरे, पळा ना कुणीतरी तिकडे!" मास्तर दचकले. "झोपलात का?" मास्तरांनी चष्मा काढला. चौदा पास मी लागोपाठ दाखवले, चौदाही वेळा खोलीत मास्तरांचाच आवाज घुमला. चौदाव्याला तर ते एवढे चिडले होते की त्यांनी पाण्याची बाटली लाथाडली होती, ती पडद्यावर उडताना दिसली. खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवटी मास्तर स्वतःच खो खो हसायला लागले. "बंद करा बाई, बंद करा. मी कबूल. मग करायचं काय?"

मी कागद पसरला. "दोघांना ठेवायचं. आठ आणि पळपुट्या, दोघंही पहिल्यापासून खेळणार."

"पळपुट्या पुढे पळाला की मागे भगदाड पडतं," मास्तर म्हणाले. "म्हणून तर त्याला बाकावर ठेवला."

"म्हणूनच तो एक माणूस घ्यायचाय ना, तो भगदाड बुजवणारा घ्या. मधल्या फळीतला राखणदार. पळपुट्या गेला की हा त्याच्या जागी सरकेल. ताडमाड गडी नकोच."

बाजारसाहेबांचा आता स्फोटच झाला. "गोल होत नाहीत म्हणून राखणदार विकत घ्यायचा? ऐकलंय का कुणी असलं? मास्तर, या कापड तपासणाऱ्या बाई आहेत!"

"आहेच!" माझाही तोल सुटला. "आणि ताग्याला भोक पडलं तर मी भोकावर भरतकाम करा म्हणून सांगत नाही, धागा कुठे तुटलाय ते सांगते. तुमच्या आत्ताच्या आघाडीच्या माणसाला गोलासमोर एका सामन्यात चेंडू मिळतो तीन वेळा. तीन! तिथे डोंगराएवढा माणूस उभा केलात तरी चेंडू त्याच्यापर्यंत पोचायला नको?"

मास्तर बराच वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत होते. मग त्यांनी पेन काढलं, आठ आणि बावीस दोन्ही नंबर उजव्या रकान्यातून खोडले आणि डावीकडे लिहिले. "पहिले पाच सामने, बाई. नाही जमलं तर आठ नंबर बाकावर, पळपुट्या घरी, आणि तुमची वहीही कपाटात."

"चालेल," म्हटलं.

राखणदार आला. गोलमटोल, बुटका, मितभाषी, पण जागेवर असा चिकटून की हलवून दाखवा. सराव सुरू झाला आणि लगेच नाकी नऊ आले. पहिले दोन्ही सराव सामने हरलो. पळपुट्या दर वेळी फार लवकर पळायचा, चेंडू सुटायच्या आधीच त्यांच्या बचावाच्या पलीकडे जायचा आणि ऑफसाइड सापडायचा. एका दुपारी अकरा वेळा! बाजारसाहेब माझ्या केबिनीखालून जाताना मुद्दाम मोठ्याने मोजायचे, "नऊ... दहा..." मी वरून ऐकायचे आणि पेन्सिलीचं टोक चावायचे.

मग एका रविवारी लेकीच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही सामना मांडला. बाटल्यांची झाकणं म्हणजे खेळाडू, मिठाची बाटली पळपुट्या, वाटाणा म्हणजे चेंडू. पळपुट्यालाही बोलावलं होतं. मोठा हसरा, अघळपघळ पोरगा. त्याला विचारलं, "तू निघतोस कशावरून रे?"

"सात नंबरचा खांदा आत वळला की निघतो, मावशी."

"आणि जावईबापू, तुम्ही चेंडू सोडता कशावरून?"

जावयांनी वाटाणा उचलला. "मी तर याच्या पायांकडे बघतो. हा पळायला लागला की सोडतो. म्हणजे तोवर उशीरच झालेला असतो."

"म्हणजे दोघांनी सातच्या खांद्याकडे बघा ना मग!" लेक ओरडली. ती गोलरक्षक होती, हातात झारा घेऊन उभी. "साधी गोष्ट आहे!"

खरंच साधी होती. दुसऱ्या दिवसापासून मैदानात दोघंही सात नंबरच्या खांद्यावर डोळा ठेवून, सात नंबर बिचारा विचारतोय, "माझ्या खांद्याला काय झालंय?" आठवड्यात ऑफसाइड अकरावरून दोनवर आले. बाजारसाहेबांचं मोजणं थांबलं.

पहिला सामना घरच्या मैदानावर. स्टेडियम गच्च. माझ्या केबिनीला लागून रेडिओवर सामना सांगणाऱ्यांची जागा आहे, मध्ये फक्त एक पातळ फळी, तीही अर्धीच. मी वही उघडली, पेन्सिली मांडल्या. लेक खाली तिसऱ्या ओळीत.

पहिला अर्धा तास जावईबापूंनी तो पास टाकलाच नाही. सोपे, आखूड, आजूबाजूला. मी ओळखलं, माणूस घाबरलाय. फुलीला घाबरलाय, म्हणजे मला घाबरलाय. टाका हो, मी मनात म्हणत होते, टाका, मी आहे ना. मध्यंतराला शून्य-शून्य. प्रेक्षकांत शिट्या सुरू झाल्या.

त्रेसष्टावं मिनिट. चेंडू आठ नंबरकडे आला. सात नंबरचा खांदा आत वळला. आणि जावयांनी मान वर न करता, न बघता, उजवीकडे लांब चेंडू टाकला. तिथे कुणी नव्हतं. तीन वर्षांची सवय, माझी पेन्सिल आपोआप फुलीच्या रकान्याकडे गेली. आणि मग पळपुट्या दिसला. हा असा सुटलेला, डोकं खाली, हात पसरलेले, त्यांचा बचाववाला कधीच मागे पडलेला! रेघेच्या हातभर अलीकडे त्याने चेंडू गाठला, तसाच आत सरकवला, आणि आमच्या आघाडीवाल्याने, ज्याला सामन्यात तीनदा चेंडू मिळायचा त्याने, तो पायाच्या आतल्या बाजूने जाळ्यात ठेवून दिला.

मी कधी उभी राहिले मला ठाऊक नाही. वही खाली पडली, पेन्सिली घरंगळल्या आणि मी घशाच्या शिरा ताणून ओरडले, "शाब्बास जावईबापूऽऽ! शाब्बास माझ्या वाघा!"

फळीपलीकडचा माईक चालू होता.

अख्ख्या शहराने ऐकलं ते रेडिओवर. तीन वर्षं क्लबात त्यांच्या कौतुकाचा शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नव्हता, तो पडला तो असा. सामना आम्ही तीन-शून्य जिंकला, आणि तीनही गोल त्याच पट्ट्यातून. पुढच्या सामन्याला गॅलरीत हजारभर माणसं एका सुरात ओरडत होती, "जावईबापू! जावईबापू!" आणि लाजून लाल झालेले आमचे जावई चेंडू टाकत होते तिथेच. पाच सामन्यांची मुदत मास्तर विसरूनच गेले. त्या हंगामात आमच्या संघाने एकसष्ट गोल मारले. बाजारसाहेब आता जिथे तिथे सांगतात की राखणदार घ्यायची कल्पना मुळात त्यांचीच. सांगोत बापडे.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या संध्याकाळचं. मी घरी बसून वही नीट लावत होते, पानं चुरगळली होती. जावई आले, केस अजून ओले, आणि नेहमीसारखे माझ्यासमोर बसून स्वतःची ओळ वाचायला लागले. बोट खाली खाली नेत थांबले.

"आई, एकविसाव्या मिनिटाला इथे प्रश्नचिन्ह आहे. तो पास माझाच चुकला होता. साफ चुकला होता. फुली मारा."

मी नीट आठवून बघितलं. खरंच चुकला होता. खोडरबर घेतला, प्रश्नचिन्ह पुसलं आणि फुली मारली. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग म्हणाले, "आणि त्रेसष्टावं मिनिट कुठाय?"

बघते तर ओळच नाही. बासष्टानंतर एकदम चौसष्ट. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीतून एक पास सुटला होता, आणि सुटला होता नेमका तोच. लेक चहा घेऊन आली होती, ती फिदीफिदी हसायला लागली.

मी पेन्सिल जावयांच्या हातात दिली. "तुम्ही लिहा," म्हटलं. "तुमच्या हाताने लिहा."

त्यांनी वही पुढे ओढली. बासष्ट आणि चौसष्टच्या मधल्या बारीक जागेत त्रेसष्ट लिहिलं, आठ नंबर लिहिला, बरोबरची खूण केली. मग शेऱ्याच्या रकान्यात, आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात, रकाना ओलांडून पार समासापर्यंत, त्यांनी एकच शब्द लिहिला : पोचला.